‘बो’ की ‘बाउ’? तीन अक्षरांविषयी एक संवाद

इंग्रजीत बी, ओ आणि डब्ल्यू ही तीन अक्षरे या क्रमाने लिहिली की डोळ्यांना एकच शब्द दिसतो, पण तो वाचणाऱ्याला आधी दोन उच्चारांतून एक आणि मग पाचसहा अर्थांतून एक निवडावा लागतो. ‘बो’ असा उच्चार केला तर धनुष्य, व्हायोलिनचा गज, रिबिनीची सुटी गाठ किंवा गळ्यातील बो-टाय हे अर्थ निघतात. ‘बाउ’ असा उच्चार केला तर वाकून केलेले अभिवादन, मान तुकवण्याची क्रिया किंवा पाणी कापत जाणारा जहाजाचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, असे अर्थ निघतात. ज्यांचे लेखन एक पण उच्चार आणि अर्थ वेगळे, अशा शब्दांना समलेखी भिन्नोच्चारी शब्द म्हणता येईल. इंग्रजीत त्यांची संख्या फार मोठी नसली, तरी ते रोजच्या वापरातले असल्याने शिकणाऱ्याची गाठ त्यांच्याशी लवकर पडते.

या शब्दाकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी दृष्टी पुढील संवादात मांडल्या आहेत. एक बाजू इंग्रजी शिकवणाऱ्या अध्यापिकेची असून दुसरी शब्दकोशाच्या कामात आयुष्य घालवलेल्या वयोवृद्ध कोशकाराची आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडला जातो तेव्हा त्याचा पराभव बहुधा आधीच ठरलेला असतो. येथे तो तसा ठरलेला नाही.

अध्यापिका : सर, लिपीचे पहिले काम उच्चार कळवणे हे आहे, आणि ते काम जी लिपी करीत नाही तिला सदोष म्हणण्यात अन्याय नाही. मैफल संपल्यावर व्हायोलिनवादक हातातील गज खाली घेतो आणि श्रोत्यांपुढे वाकतो. इंग्रजीत हे वाक्य लिहिले तर गज आणि वाकणे या दोन्ही ठिकाणी तीच तीन अक्षरे येतात, एकदा ‘बो’ म्हणून आणि एकदा ‘बाउ’ म्हणून. विद्यार्थ्याने विचारले की हे ओळखायचे कसे, तर त्याला ‘पाठ कर’ यापलीकडे उत्तर देता येत नाही. ज्या भाषेत पाठांतर हाच नियम होतो, त्या भाषेच्या लेखनात काहीतरी मुळातच बिघडले आहे.

कोशकार : बाई, आक्षेपाचा रोख बरोबर आहे, पण त्यामागचे एक गृहीत तपासायला हवे. आपण म्हणता की एका शब्दाला दोन उच्चार आहेत. कोशाच्या दृष्टीने येथे एक शब्द नाहीच. एकाच शब्दाचे अर्थ फुटत जाऊन त्याला फांद्या येतात तेव्हा तिला अनेकार्थता म्हणतात, आणि मुळात वेगळे असलेले शब्द कालांतराने सारखे दिसू लागतात तेव्हा तिला समरूपता म्हणतात. कोशकार पहिल्या प्रकारात एकाच नोंदीखाली अर्थांना क्रमांक देतो, तर दुसऱ्या प्रकारात नोंदीच वेगळ्या करतो आणि त्यांच्या माथ्यावर लहान आकडे घालतो. या तीन अक्षरांखाली दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, म्हणून गोंधळ होतो.

अध्यापिका : भेद मान्य केला, तरी तो कोशाच्या पानावरचा भेद आहे. कोणता अर्थ फांदी आहे आणि कोणता वेगळे झाड आहे, हे वाचकाला कशावरून कळावे?

कोशकार : इतिहासावरून. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे सुमारे 1100 सालापूर्वीच्या इंग्रजीत, ‘बोगा’ असे एक नाम होते. त्याचा अर्थ धनुष्य असा होता आणि वाकलेली कोणतीही वस्तू, विशेषतः कमान, असाही होता. इंद्रधनुष्याला तेव्हा ‘रेग्नबोगा’, म्हणजे पावसाचे धनुष्य, म्हणत आणि कोपराला ‘एल्नबोगा’, म्हणजे पुढच्या हाताचे वळण, म्हणत. आजचे ‘रेन्बो’ आणि ‘एल्बो’ हे शब्द तेच आहेत. व्हायोलिनचा गज पूर्वी धनुष्यासारखा खरोखरच बाहेर वाकलेला असे, म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले. रिबिनीच्या गाठीचे दोन फुगीर वळसे पाहून इंग्रजांना धनुष्य आठवले. मराठी घरांतल्या मुलींच्या वेण्यांवर तोच आकार ‘रिबिनीचे फूल’ झाला. हे सगळे अर्थ एका झाडाच्या फांद्या आहेत आणि म्हणूनच त्या सर्वांचा उच्चार ‘बो’ असा एकच आहे.

अध्यापिका : धनुष्यापासून कमानीपर्यंतचा हा प्रवास मराठीलाही अनोळखी नाही, हे कबूल करायला हवे. फारसीत ‘कमान’ म्हणजे धनुष्य, आणि मराठीने तो शब्द घेतला तो मुख्यतः दरवाज्याच्या किंवा पुलाच्या वळणासाठी. ज्या रोगात शरीर मागे ताणले जाऊन वाकते त्याला धनुर्वात म्हणतात, तोही याच निरीक्षणातून.

कोशकार : अगदी तसेच. लंडनमधील दोन स्थळे त्याची साक्ष देतात. शहराच्या पूर्वेकडील बो हा भाग ली नदीवरच्या कमानीच्या पुलावरून ओळखला जाऊ लागला. हा पूल बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीची राणी मटिल्डा हिच्यामुळे बांधला गेला असे परंपरा सांगते. चीपसाइड या जुन्या बाजाररस्त्यावरील सेंट मेरी-ले-बो या चर्चला तळघरातील दगडी कमानींमुळे ते नाव मिळाले. ज्याचा जन्म बोच्या घंटांच्या आवाजाच्या टप्प्यात झाला तोच खरा कॉकनी, म्हणजे अस्सल लंडनकर, ही जी प्रसिद्ध समजूत आहे, तीतील घंटा या चर्चच्या आहेत. पूर्वेकडील बोच्या नव्हेत, तरी पुष्कळांचा तसा समज होतो. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात त्या कोसळल्या आणि नव्याने ओतलेल्या घंटा 1961 मध्ये पुन्हा वाजू लागल्या.

अध्यापिका : घंटांनी ‘बो’चा उच्चार राखला, हे ठीक. परंतु वाकण्याचा अर्थ तर धनुष्याच्या अर्थाला चिकटूनच आहे. धनुष्य म्हणजे वाकलेले लाकूड. मग वाकणे ‘बाउ’ कसे झाले? अर्थ जवळ आणि उच्चार लांब, अशी ही अवस्था इतिहासाचीच साक्ष काढून समजावून द्यावी.

कोशकार : वाकणे या अर्थाचे प्राचीन इंग्रजी क्रियापद ‘बूगान’ असे होते. ‘बोगा’ आणि ‘बूगान’ ही एकाच धातूची अपत्ये आहेत, पण एकात ऱ्हस्व ओ होता आणि दुसऱ्यात दीर्घ ऊ. दोन्हींच्या मध्यभागी असलेला ग घशात घासून उच्चारला जाई आणि पुढे तो मऊ होऊन व झाला. ‘फुगोल’चा ‘फाउल’ झाला, ‘ड्रागान’चा ‘ड्रॉ’ झाला, तेही याच वाटेने. अशा रीतीने एक शब्द ‘बोवे’ झाला आणि दुसरा ‘बूवेन’. येथपर्यंत कानाला दोन्ही स्पष्ट वेगळे होते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच लेखनपद्धतीत वाढलेले लेखनिक इंग्रजी लिहू लागले. त्यांच्या पद्धतीत दीर्घ ऊ हा ओ-यू किंवा शेवटी ओ-डब्ल्यू असा लिहिला जाई. म्हणजे ‘बोवे’मधील ओ-डब्ल्यू हा खरोखरचा ओ आणि त्यामागचा व होता, तर ‘बूवेन’मधील ओ-डब्ल्यू हे केवळ दीर्घ ऊचे चिन्ह होते. पुढे शेवटचे प्रत्यय गळाले आणि कागदावर दोन्ही शब्द एक झाले.

अध्यापिका : तरीही त्या वेळी उच्चार ‘बो’ आणि ‘बू’ असा असायला हवा. ‘बाउ’ कोठून आला?

कोशकार : साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकांत इंग्रजीचे सर्व दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला जे नाव दिले त्याचे भाषांतर महास्वरांतर असे करता येईल. त्यात दीर्घ ऊ फुटून आउ झाला : ‘हूस’चा ‘हाउस’, ‘मूस’चा ‘माउस’, ‘नू’चा ‘नाउ’, आणि तसाच ‘बू’चा ‘बाउ’. स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीत हा ऊ सरकला नाही. तेथे घराला आजही ‘हूस’ आणि गाईला ‘कू’ म्हणतात. विल्यम कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टर येथे छापखाना 1476 मध्ये घातला, म्हणजे स्वर सरकत असतानाच अक्षरजुळणी सुरू झाली होती, आणि छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठवले तरी जीभ पुढे जात राहिली. ‘स्नो’, ‘लो’, ‘ग्रो’ एकीकडे आणि ‘हाउ’, ‘काउ’, ‘ब्राउ’ दुसरीकडे, असे जे दोन तट शेवटच्या ओ-डब्ल्यूच्या शब्दांत पडलेले दिसतात, त्यांतील पुष्कळांचे कारण हेच आहे. बी पेरणे ‘सो’ आणि डुकरीण ‘साउ’, ही जोडी याच धर्तीची.

या ठिकाणी अध्यापिकेने जहाजाचा प्रश्न काढला. धनुष्य आणि वाकणे एका धातूची असल्याचे मान्य केले, तर जहाजाची नाळही वळणदारच असते. तेव्हा तिचे नाव वाकण्यावरूनच पडले असावे आणि म्हणूनच तिचा उच्चार ‘बाउ’ होत असावा, असा तिचा तर्क होता. तर्क स्वाभाविक आहे आणि अनेक सामान्य वाचकही तसाच करतात.

कोशकार : तर्क सुसंगत आहे, पण शब्द त्या वाटेने आलेला नाही. जहाजाचा ‘बाउ’ उत्तर समुद्रावरच्या नाविकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. डचमध्ये तो ‘बूख’ असा उच्चारला जातो आणि जर्मनमध्ये ‘बूक’. या शब्दांचा जुना अर्थ खांदा असा आहे. जहाजाची पुढची दोन फुगीर अंगे म्हणजे त्याचे दोन खांदे. इंग्रजीतला याचा सख्खा भाऊ म्हणजे झाडाची मोठी फांदी या अर्थाचा ‘बाउ’, ज्याचे स्पेलिंग बी, ओ, यू, जी, एच असे आहे. फांदी म्हणजे झाडाचा हातच. मराठी वाचकाला येथे एक ओळख पटावी. या खांद्याच्या घराण्याचा संस्कृतमधील प्रतिनिधी ‘बाहु’ आहे, तर धनुष्य आणि वाकणे यांच्या घराण्याचे नाते वाकणे या अर्थाच्या संस्कृत ‘भुज्’ धातूशी जोडले जाते. ज्याची चाल वाकडी तो भुजंग, आणि जिथे हात वाकतो त्यावरून भुजा.

अध्यापिका : म्हणजे मराठीत बाहू आणि भुजा हे एकाच अवयवाचे दोन पर्याय म्हणून नांदतात, आणि इंग्रजीत त्यांचेच दूरचे नातलग एकाच स्पेलिंगखाली कोंबले गेले आहेत.

कोशकार : हे चित्र इतके नेमके आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मराठीत दोन मुळांतून आलेले दोन शब्द अर्थाने एक झाले पण रूपाने वेगळे राहिले. इंग्रजीत ते अर्थाने वेगळे राहिले पण रूपाने एक झाले.

अध्यापिका : व्युत्पत्तीचा हा आनंद नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर, त्यातून वर्गातील मुलाच्या हाती काय लागते? एवढा इतिहास ठाऊक असला तरी उच्चाराचा नियम हाती येतोच असेही नाही. जहाजाच्या नाळेपुढे तिरके निघालेले जे लाकूड असते त्याच्या नावात हाच नाविक शब्द आहे, आणि तरी प्रचलित ब्रिटिश उच्चार ‘बोस्प्रिट’ असा होतो. खलाशी ज्या न सरकणाऱ्या फासाच्या गाठीचा उपयोग करतात ती ‘बोलिन’, तिच्यातही ‘बाउ’ नाही. म्हणजे इतिहास जे घडले त्याचे स्पष्टीकरण देतो, पुढच्या शब्दाचा उच्चार सांगत नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी आपल्या मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी उच्चारानुसारी वर्णमाला तयार करण्यास पैसा ठेवला तो याच कारणाने.

कोशकार : आणि त्या वर्णमालेत त्यांचे एक नाटक 1962 मध्ये छापलेही गेले, पण वाचकांनी ती स्वीकारली नाही. त्यामागे केवळ आळस नव्हता. उच्चारानुसार लिहायचे तर कोणाच्या उच्चारानुसार, हा पहिला प्रश्न. लंडनचा ‘बो’, एडिंबराचा ‘बो’ आणि मुंबईचा ‘बो’ यांचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच शब्दाची तीन स्पेलिंगे झाली तर आज ज्यांना परस्परांचे लेखन वाचता येते त्यांना ते येणार नाही. दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. उच्चारानुसारी लेखन काही भेद दाखवते तसे काही भेद पुसूनही टाकते. फांदीचा ‘बाउ’ आणि अभिवादनाचा ‘बाउ’ आज डोळ्यांना वेगळे दिसतात. कानाबरहुकूम लिहिले तर ते एक होतील.

अध्यापिका : ते एक झाल्याने कोणाचे काही बिघडणार नाही; बोलताना ते एकच असतात आणि बोलण्यात कोणाचा गोंधळ होत नाही.

कोशकार : मराठीने हा प्रयोग करून पाहिला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये मान्य झाले आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधी ज्याने माणसाला हाक मारतात ते ‘नांव’ आणि ज्यात बसून नदी ओलांडतात ती ‘नाव’ असा डोळ्यांना दिसणारा भेद होता. आता दोन्ही ‘नाव’ आहेत. सुधारणा योग्य होती, लिहिणाऱ्याचा भार तिने हलका केला. पण तिची किंमत म्हणून एक समरूप जोडी तिने निर्माण केली, हे नाकारता येत नाही.

अध्यापिका : ती जोडी निदान उच्चारानेही एकच आहे, तेथे लिपीने वाचकाला फसवले नाही. ‘बो’ आणि ‘बाउ’ यांची गोष्ट तशी नाही. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली या तीन अक्षरांपाशी येते तेव्हा तिला आसपासचे शब्द तपासून अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकला तर राजापुढे वाकणारा सरदार ऐकणाऱ्याला भलत्याच काही उद्योगात गुंतलेला वाटतो. देवनागरीत अशी वेळ येत नाही.

हा संवादातील कळीचा क्षण होता, कारण आतापर्यंत बचावाच्या बाजूला असलेल्या कोशकाराला येथे प्रतिप्रश्नाची संधी मिळाली. मराठी माणसाचा असा समज असतो की देवनागरीत जसे लिहावे तसेच वाचावे. हा समज बहुतांशी खरा आहे, पण पूर्ण खरा नाही.

कोशकार : ‘जरा’ हा शब्द घ्यावा. ‘जरा थांबा’ म्हणताना ज हा दातांजवळून उच्चारला जातो, ज्याला व्याकरणात दंततालव्य म्हणतात; तो अरबी-फारसीतून आलेला, ‘थोडेसे’ या अर्थाचा शब्द आहे. ‘जरा आणि मरण’ म्हणताना तोच ज टाळूपासून, तालव्य, उच्चारला जातो. तो संस्कृतमधून आलेला, म्हातारपण या अर्थाचा शब्द आहे. लेखन एक, उच्चार दोन, मुळे दोन. ‘जग’ या शब्दाचेही तसेच. दुनिया या अर्थाचा ‘जग’ दंततालव्य आहे आणि पाण्याचा इंग्रजी ‘जग’ तालव्य. ‘चाक’ आणि ‘चार’ यांच्या आरंभीचे च वेगळे आहेत, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून ते त्याच्या लक्षातही येत नाही. ‘बो’ आणि ‘बाउ’ यांच्या बाबतीत इंग्रज माणसाचे नेमके हेच होते.

अध्यापिका : म्हणजे मराठीतही तो दोष आहे, एवढेच यातून सिद्ध होते. दोन घरांत गळती आहे म्हणून गळती हा घराचा गुण ठरत नाही.

कोशकार : गुण ठरत नाही, हे खरे. पण मराठीत ‘बाऊ’ म्हणजे लहान मुलांना भिववण्यासाठी कल्पिलेला बागुलबुवा, आणि क्षुल्लक गोष्टीला भयंकर रूप देणे म्हणजे तिचा बाऊ करणे. इंग्रजीतल्या ‘बाउ’चा असा बाऊ करण्याचे कारण नाही, इतकेच यातून सुचते. वाचणारा अक्षरे सुटी वाचत नाही, तो वाक्य वाचतो. बाणाशेजारी आलेला शब्द ‘बो’ आहे आणि राजासमोर आलेला ‘बाउ’ आहे, हे त्याला शब्दावर पोहोचण्याआधीच कळलेले असते.

अध्यापिका : ज्याला भाषा आधीच येते त्याला ते कळते, सर, वाद त्याच्यासाठी नव्हताच. परदेशात वाढणारी मराठी मुले आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत देवनागरी वाचायला बसतात, तेव्हा ‘जग’ हा शब्द पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे दुनिया येत नाही, पाण्याचे भांडे येते, कारण तोच उच्चार त्यांच्या कानावर रोज पडतो. त्यांना वाक्य मदत करीत नाही, कारण वाक्यातले इतर शब्दही त्यांना तितकेच नवे असतात. संदर्भावर विसंबणे ही ज्यांना भाषा येते त्यांची सोय आहे. ती जे शिकत आहेत त्यांच्यावर नियम म्हणून लादता येत नाही.

या आक्षेपाला कोशकाराने लगेच उत्तर दिले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. इंग्रजी कोशात वेगळे शब्द म्हणून वेगळ्या नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीपुढे उच्चारही छापलेला असतो. म्हणजे स्पेलिंगने जे लपवले ते कोश उघड करतो. सर्वसाधारण मराठी कोशात मात्र देवनागरी स्वतःच उच्चार सांगते या भरवशावर उच्चाराची वेगळी खूण बहुधा दिलेली नसते, आणि ‘जरा’चे दोन ज वाचकावर सोडून दिलेले असतात.

कोशकार : येथे पक्ष बदलावा लागेल, बाई. स्पेलिंग इतिहास जपते म्हणून ते बदलू नये, हे मत कायम आहे. पण लिपी जे सांगत नाही ते सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण काढला तो रास्त आहे. ती जबाबदारी मुलाची नाही आणि वाक्याचीही नाही. ती कोशाची आहे.

अध्यापिका : आणि तशीच ती वर्गाचीही आहे. ही तीन अक्षरे एक शब्द म्हणून शिकवली, तर त्यांचे दोन उच्चार लहरीपणाचे वाटतात. धनुष्याचे घर, वाकण्याचे घर आणि खांद्याचे घर अशी तीन घरे म्हणून ती शिकवली, तर पाठांतर पूर्णपणे टळणार नाही, पण ज्याचे पाठांतर करायचे त्याला काही आकार येईल. यापुढे ‘पाठ कर’ एवढ्यावर थांबता येणार नाही.

वाद येथे थांबला, पण लेखनाने उच्चार पाळावा की व्युत्पत्ती जपावी, या प्रश्नाचा निकाल लागला नाही. देवनागरीच्या अभिमानाने प्रतिपादन सुरू करणाऱ्या अध्यापिकेला तिच्याच लिपीतला ‘जरा’ दाखवला गेला, आणि इंग्रजी स्पेलिंगचा कैवार घेणाऱ्या कोशकाराला त्याच्या मराठी कोशातील उणीव दिसली. एखाद्या मराठी कोशाच्या पुढच्या आवृत्तीत ‘जरा’च्या दोन नोंदी झाल्या, आणि एकीतल्या ज खाली नुक्ता पडला, तर त्याचे श्रेय बी, ओ, डब्ल्यू या तीन अक्षरांकडेही जाईल.